एका टक्क्यात किती किलोमीटर?

वेताळ टेकडीचा कोथरूडकडचा उतार पुणेकरांना ‘एआरएआय टेकडी’ या नावानेच जास्त ओळखीचा आहे. पहाटे तिथे चालायला जाणारे लोक ज्या आवाराला वळसा घालतात, ते ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचं. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावाचा आधार देशातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीच्या जाहिरातीला लागतो. २८ जानेवारी २०२० रोजी टाटा मोटर्सने नेक्सॉन ईव्ही बाजारात आणली, तेव्हा एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटर हा आकडा याच नावाच्या भरवशावर घरोघरी पोचला.

त्या पहिल्या खेपेच्या गाड्या आता सेकंड-हँड बाजारात मिळू लागल्या आहेत. नव्या गाडीच्या जवळपास निम्म्या पैशांत गाडी मिळते आणि ऑफिस, शाळा, मंडई एवढ्या फेऱ्यांना ती उत्तम असते. घरी रात्री प्लग लावायचा आणि सकाळी निघायचं. सहा महिने असे मजेत जातात. मग दिवाळी किंवा मे महिना येतो आणि कोणीतरी म्हणतं, या वेळी सावंतवाडीला आपल्याच गाडीने जाऊ. पुण्याहून सावंतवाडी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, गाडी ३१२ जाते, म्हणजे वाटेत एकदा चहाला थांबून थोडं चार्ज केलं की पोचलो. हिशेब इतका सोपा वाटतो की तो कोणी तपासून बघत नाही.

तो तपासायचा तर आधी ३१२ कुठून आले ते बघावं लागतं. भारतात प्रमाणपत्रासाठी जी चाचणी होते, तिचं वेगाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. थोडं चाला, थांबा, पुन्हा चाला, अशी ती असते आणि वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही. गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर असते, त्यामुळे समोरून वारा नाही, खंबाटकीचा घाट नाही, मागच्या सीटवर आजी नाही आणि डिकीत फराळाचे डबे नाहीत. सगळ्या गाड्या एकाच फूटपट्टीने मोजायला अशी चाचणी लागतेच आणि ती खोटी नसते. मात्र ज्याला पोचायचं आहे, त्याला ही फूटपट्टी उपयोगाची नाही. प्रत्यक्षात या गाडीचे मालक महामार्गावर १८० ते २२० किलोमीटर सांगतात, आणि तेही गाडी नवी असताना.

हा फरक पेट्रोलच्या गाडीतही असतो. तिथे तो दिसत नाही, आणि न दिसण्याचं कारण गमतीचं आहे.

नेक्सॉनच्या त्या बॅटरीत ३०.२ किलोवॅट-तास वीज मावते. किलोवॅट-तास म्हणजे लाइट बिलावरचं युनिट. थोडक्यात, गाडीच्या पोटात तीस युनिटं. आता एक लिटर पेट्रोलमध्ये उष्णतेच्या हिशेबाने जवळजवळ नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ही अख्खी बॅटरी, जिच्यासाठी लाखो रुपये मोजले, ती ऊर्जेच्या मापाने जेमतेम साडेतीन लिटर पेट्रोलएवढी! स्कूटरची टाकीसुद्धा याहून मोठी असते. एवढ्याशा शिदोरीवर सव्वा-दीड टनाची गाडी दोनशे किलोमीटर जाते, कारण विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेतला फारच थोडा भाग वाया घालवते. पेट्रोलचं इंजिन मात्र दोन तृतीयांशांहून अधिक ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत सोडून देतं.

एवढी उधळपट्टी सतत चालू असली की लहानसहान खर्च तिच्यात बुडून जातात. माणसं आणि सामान धरून सतराशे किलोची गाडी पाचशे मीटर वर चढवायला सव्वादोन-अडीच युनिटं लागतात, मग ती कुठलीही असो. पेट्रोलच्या गाडीत त्यासाठी जास्तीचं लिटरभर पेट्रोल जळतं आणि चाळीस लिटरच्या टाकीचा काटा जागचा हललेलाही कळत नाही. विजेच्या गाडीत तेच अडीच युनिट म्हणजे आठ-नऊ टक्के. चालकाच्या डोळ्यांसमोर, मोठ्या आकड्यात, एकेक करून उतरणारे. तीस हजारांच्या पगारात महिना काढणाऱ्या घरात रिक्षाचे दोनशे रुपये जसे जाणवतात, तसंच हे आहे. घाट, वेग, वारा, टायरमधली हवा यांची किंमत आधीपासून तीच होती. फक्त ती आता वहीत दिसते.

म्हणून गाडी किती जाते असं विचारत बसण्यापेक्षा ही विशिष्ट गाडी, आजच्या तिच्या अवस्थेत, एका टक्क्यात किती किलोमीटर जाते, एवढं काढावं. जुन्या गाडीच्या मालकाला तर याला पर्यायच नाही.

जुन्या गाडीची बॅटरी थोडी आटलेली असते. किती आटली, हे तिचं वय, किलोमीटर, उन्हात उभं राहणं आणि जलद चार्जिंगची सवय यांवर ठरतं. काही जण ओबीडीचं छोटं यंत्र लावून मोबाइलवर बॅटरीचं ‘हेल्थ’ वाचतात, काही सर्व्हिस सेंटरकडून अहवाल घेतात. दोन्ही चांगलं. पण प्रवासापुरती त्याहून साधी कसोटी आहे. घरी हळू चार्जरवर पूर्ण शंभर टक्के करावं, टायरमध्ये पुस्तकात दिलेली हवा भरावी, आणि ज्या वेगाने, जेवढ्या माणसांनी प्रवासाला जायचं, तसंच महामार्गावर शिरवळपर्यंत जाऊन परत यावं. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात. निघालो तिथेच परत आल्यामुळे चढ-उताराचा हिशेब बऱ्यापैकी फिटतो. समजा, त्यात पंचावन्न-छप्पन्न टक्के गेले, तर एका टक्क्याला १.८ किलोमीटर. बॅटरी किती आटली, टायर कसे आहेत, चालवणाऱ्याचा पाय किती जड आहे, हे सगळं या एका आकड्यात आलं. डॅशबोर्डवर दिसणारे ‘अजून इतके किलोमीटर जाल’ मात्र विसरलेले बरे. तो आकडा गाडी कालच्या चालण्यावरून बांधते आणि काल ती कर्वे रोडच्या गर्दीत होती.

टायरचा उल्लेख सहज केला नाही. विजेच्या गाड्यांना कंपनी शक्यतो कमी घर्षणाचे टायर देते. पहिल्या मालकाने ते झिजल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून साधे बसवले असतील, तर गाडी प्रत्येक किलोमीटरला थोडं जास्त खाते आणि नवा मालक दोष बॅटरीला देतो.

शंभर टक्के ‘हळू’ करण्यामागेही कारण आहे. या नेक्सॉनची बॅटरी लोह-फॉस्फेट प्रकारची. टिकाऊ आणि उष्णतेला सोशिक, पण एक खोड असलेली. ती वीस टक्के भरलेली असो की ऐंशी, तिचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे गाडीचा संगणक आत किती आलं आणि बाहेर किती गेलं याची बेरीज-वजाबाकी करून टक्के दाखवतो. किराणा दुकानदार माल न मोजता नुसत्या वहीवरून शिल्लक सांगतो, तशातला प्रकार. वहीत लहान चुका साठत जातात आणि बॅटरी पूर्ण भरली की मगच हिशेब पुन्हा जुळतो. आधीच्या मालकाने वर्षभर चाळीस ते ऐंशीच्या मध्येच गाडी खेळवली असेल, तर टक्क्यांचा आकडा दहा-बारा टक्क्यांवर असताना अचानक कोसळू शकतो. प्रवासाआधीच्या आठवड्यात दोन-तीनदा घरच्या प्लगवर पूर्ण चार्ज केलं की ही भीती बरीच कमी होते.

जुनी गाडी घेताना सुटून जाणाऱ्या आणखी दोन-तीन गोष्टी याच आठवड्यात उरकाव्यात. पुढच्या बॉनेटखाली साधी बारा व्होल्टची बॅटरी असते. ती संपली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, आणि चार-पाच वर्षांच्या गाडीत ती शेवटच्या घटका मोजत असण्याचा संभव असतो. कंपनीच्या ॲपवर गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर ती आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर आपण आंबोलीला पोचलो हे त्याला आपल्याआधी कळायचं. आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची बॅटरीची वॉरंटी आणि रस्त्यावरच्या मदतीची सोय आपल्याला लागू आहे का, हेही विचारून ठेवावं. गाडी बंद पडलीच, तर विजेची गाडी दोराने ओढत नेत नाहीत. चाकांबरोबर मोटर फिरते, वीज तयार करते आणि बिघाड वाढतो. ती चारही चाकं उचलून सपाट ट्रकवरच न्यावी लागते.

आता प्रवास.

समजा, कोथरूडहून पहाटे सहाला निघायचं आहे. चार माणसं, सामान, गाडी शंभर टक्के, टक्क्याला १.८ किलोमीटर. तळाचे पंधरा-वीस टक्के धरायचेच नाहीत. पूर्वी आया डाळीच्या डब्यात जे पैसे ठेवत, तसे ते. वापरायला उरले ऐंशी टक्के, म्हणजे १४४ किलोमीटर. कऱ्हाड १६० वर आहे, म्हणजे ते हाताबाहेर. सातारा ११० वर. कात्रजचा नवा बोगदा आणि खंबाटकी यांचे दोन चढ वाटेत आहेत, आणि खंबाटकीला साताऱ्याकडे जाताना घाट चढायचाच असं धरावं, कारण जुना बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी आहे. चढाचे तीन टक्के जादा धरले तरी साताऱ्याला छत्तीस टक्के घेऊन पोचतो.

इथे नवख्या माणसाचा जीव अडखळतो. छत्तीस टक्के असताना थांबायचं कशाला? पेट्रोलच्या गाडीत काटा लाल रेघेवर आल्याशिवाय पंप बघायची सवय नसते. पण साताऱ्याला थांबण्यामागचं खरं कारण कऱ्हाडला आहे. साताऱ्याचा चार्जर बंद निघाला, तर हातातले छत्तीस टक्के पन्नास किलोमीटरवरच्या कऱ्हाडला पोचायला पुरतात आणि तिथेही आठ-दहा टक्के उरतात. हेच कऱ्हाडपर्यंत ताणलं असतं आणि तिथे यंत्रावर लाल दिवा दिसला असता, तर पुढे इस्लामपूरकडे जायला काहीच नव्हतं. चार्जिंगचं नियोजन म्हणतात ते बहुतांशी एवढंच असतं. प्रत्येक थांब्यावर पोचताना पुढच्या थांब्याचं भाडं खिशात असावं.

साताऱ्याला पाऊण तास. कंदी पेढे घ्यायचे तर इथेच वेळ आहे. गाडी छत्तीसवरून पंच्याऐंशीवर जाते. पुढे कोल्हापूर १२५ किलोमीटर आणि रस्ता एकंदर उताराचा, तेव्हा सदुसष्ट-अडुसष्ट टक्के जातात आणि सतरा-अठरा उरतात. ते अंगावर येत असतील, तर साताऱ्याला दहा मिनिटं अधिक काढावीत किंवा ताशी नव्वदऐवजी ऐंशीने जावं.

वेगाबद्दल इथेच सांगितलेलं बरं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून अधिक होतो. अशा गाडीला ८० ला किलोमीटरमागे ०.१३ युनिटच्या आसपास लागत असेल, तर १०० ला ०.१६ ते ०.१७ लागतं. पुणे-सातारा अंतरात शंभरने गेल्याने सोळा मिनिटं वाचतात आणि चारेक युनिटं जास्त जातात. ती चार युनिटं परत भरायला चार्जरवर दहा मिनिटं जातात. निव्वळ कमाई सहा मिनिटांची, तीही कऱ्हाडचं भाडं गहाण ठेवून. एसी बंद करून काचा खाली करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. एसीला तासाला युनिट-दीड युनिट लागतं आणि रस्ता मोकळा असेल तर तेवढं वेग दहाने कमी करून सहज वाचतं. मे महिन्यात घरच्यांना भाजून टक्के वाचवणं हा फार महागडा व्यवहार आहे.

कोल्हापूरचा थांबा मोठा, कारण जेवण. तांबडा-पांढरा रस्सा येईपर्यंत आणि संपेपर्यंत तास-सव्वातास जातोच. पण गाडी शंभरपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये. बॅटरी ऐंशीच्या पुढे गेली की चार्जिंग मंदावतं. सिनेमा थिएटरात पहिल्या खुर्च्या भराभर भरतात आणि शेवटच्यांना अंधारात चाचपडत जागा शोधावी लागते, तसं आतल्या लिथियमच्या आयनांचं होतं आणि गाडी मुद्दामच वेग कमी करते. अठरा ते ऐंशीला पाऊण तास लागला असेल, तर ऐंशी ते शंभरला तेवढाच वेळ लागू शकतो. सावंतवाडीला नव्वद पुरतात. पुढचा रस्ता निपाणी, आजरा, आंबोली असा सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा. महामार्गासारखी चार्जरची दाटी या पट्ट्यात नाही, म्हणून कोल्हापूरला हात आखडता घ्यायचा नाही. वेग आपोआपच कमी राहतो, टक्क्याला दोन किलोमीटर मिळू लागतात आणि आंबोलीनंतर तर गाडी उलट कमवायला लागते.

निपाणी कर्नाटकात. केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार डिसेंबर २०२४ मध्ये देशात २५,२०२ सार्वजनिक चार्जिंग केंद्रं होती. त्यांत कर्नाटक ५,७६५ घेऊन पहिलं आणि महाराष्ट्र ३,७२८ घेऊन दुसरा. आकडे ऐकायला धीर देणारे असले तरी त्यांत शहरांतली केंद्रंही येतात आणि हळू चार्जिंगचीही. मोबाइलच्या नकाशावर हिरव्या टिकल्यांची रांग दिसते, त्यातल्या काही ‘भारत एसी-००१’ प्रकारच्या असतात. एका पेटीत तीन सॉकेट, प्रत्येकी ३.३ किलोवॅट. घरच्या प्लगएवढाच जोर. तिथे गाडी लावली तर जेवण होईल, झोप होईल, दुसऱ्या दिवशीचा नाश्ताही होईल. ॲपमध्ये ‘सीसीएस-२’ जातीचा प्लग आणि किमान २५ किलोवॅट एवढी चाळणी लावली की नकाशा बराच रिकामा होतो आणि खरा होतो. महिंद्राच्या ई-व्हेरिटोसारखी त्याहून जुनी गाडी असेल, तर तिचं तोंड वेगळ्या जातीचं असतं आणि महामार्गावरचे आजचे बहुतेक जलद चार्जर तिच्या कामाचे नाहीत. अशी गाडी गावातल्या गावात ठेवलेली बरी.

उलट चूकही होते. १२० किलोवॅटची पाटी बघून लोक वीस किलोमीटर वाकडी वाट करून जातात. आडात भरपूर आहे, पण पोहरा लहान आहे त्याचं काय? ही पहिली नेक्सॉन जलद चार्जिंगला २५ किलोवॅटच्या आसपासच घेते. समोर ३० असो, ६० असो, १२० असो. तिच्यासाठी रांग नसलेला तीसचा चार्जर गर्दीच्या एकशेवीसपेक्षा चांगला. ४०.५ युनिटच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सला किंवा नंतरच्या गाड्यांना मोठ्या यंत्राचा फायदा मिळतो, पण तिथेही ६० च्या यंत्राला दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली, तर वीज बहुधा तीस-तीस अशी वाटली जाते.

यंत्र सापडलं तरी ते चालू आहे का, हा निराळा प्रश्न. ॲपमधला ‘उपलब्ध’ हा शब्द जपून घ्यावा. यंत्र उपलब्ध असतं आणि त्याच्यापुढे डिझेलची गाडी उभी असते. किंवा हॉटेलवाल्याने रात्री दहाला फाटक लावलेलं असतं. किंवा त्या भागातला दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार असतो. पुण्याला गुरुवारची सवय आहे, दुसऱ्या गावाचा वार आपल्याला माहीत नसतो. टोल-फ्री क्रमांकावर दूरच्या शहरातल्या मदतनीसाला विचारण्यापेक्षा ज्या हॉटेलच्या आवारात यंत्र आहे त्या हॉटेलात फोन करावा. गल्ल्यावरचा माणूस खिडकीतून बघून सांगतो, ‘एक गन चालू आहे, दुसरी कालपासून बंद, तुम्ही किती वाजता येताय?’ प्लगशेअरसारख्या ॲपवर आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी असतात, त्यांची तारीख बघावी. परवाची नोंद सोन्यासारखी, गेल्या दिवाळीची शिळी.

आणि पैसे. एक सर्वव्यापी ॲप अजून सगळीकडे चालत नाही. टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी, तेल कंपन्यांचे पंप असं प्रत्येकाचं खातं, प्रत्येकाचं वॉलेट. वाटेतल्या तीन-चार कंपन्यांची ॲप घरच्या वायफायवर उतरवून, नाव नोंदवून, त्यांत थोडे पैसे आधीच भरून ठेवावेत. यंत्राच्या टपरीखाली मोबाइलला रेंज नसताना ओटीपीची वाट बघणाऱ्याची अवस्था केविलवाणी असते. काही कंपन्या टेकवायचं कार्ड देतात, ते असेल तर उत्तम. दर साधारण १८ ते २५ रुपये युनिट, त्यावर १८ टक्के जीएसटी. यंत्र जेवढं देतं त्यातलं थोडं वाटेत उष्णतेत जातं, म्हणून बिलात टक्क्यांच्या हिशेबापेक्षा एक-दोन युनिटं जास्त दिसतात. सातारा आणि कोल्हापूर मिळून आठ-साडेआठशे रुपये, घरून भरून निघालेलं तीनशेच्या आसपास. पेट्रोलची त्याच मापाची गाडी याच रस्त्याला अडीच हजारांच्या घरात जाईल. टोल मात्र इथे भरायचाच. महाराष्ट्राच्या विजेच्या वाहनांसाठीच्या २०२५ च्या धोरणातली पूर्ण टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांच्यापुरती आहे. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी यांत बसत नाहीत.

हातचं राखून निघण्याचा हा धडा एसटीनेही गिरवला आहे. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली होती. चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ ला, महामंडळाची पहिली विजेवरची ‘शिवाई’ त्याच रस्त्याने निघाली. मुहूर्त भावनेचा होता, पण मार्गाची निवड व्यवहाराचीही होती. एका चार्जमध्ये सुमारे अडीचशे किलोमीटर जाऊ शकणारी बस, आणि अंतर एकशेवीस! अर्ध्याहून अधिक बॅटरी हातची राखून. एसटीसारखी अनुभवी चालक संस्था पहिल्या फेरीला एवढी शिल्लक ठेवते, तर घरच्या गाडीने पहिल्याच प्रवासात तीन टक्क्यांवर पोचल्याचा पराक्रम सांगू नये.

सावंतवाडीला संध्याकाळी पंचवीसेक टक्के घेऊन गाडी मामांच्या अंगणात लागते आणि तिथे दुसरा अध्याय सुरू होतो. पंधरा अँपियरचा पॉवर प्लग, म्हणजे गिझरचा किंवा एसीचा, एवढंच या गाडीला लागतं. रात्री दहा ते सकाळी सातपर्यंत तासाला तीन युनिट जरी आत गेलं तरी ती जवळजवळ भरते. प्लग लावला जातो आणि चार्जरच्या पेटीवर लाल दिवा लागतो. अर्थिंग नाही, किंवा आहे पण नावाला. कोकणात उन्हाळ्यात जांभा दगड आणि माती कोरडीठाक होते, आणि तीस वर्षांपूर्वी पुरलेली तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ यांचा जमिनीशी संबंध जवळपास तुटलेला असतो. फ्रीज, टीव्ही, गिझर तक्रार करत नाहीत, म्हणून कोणाला ते कळलेलं नसतं. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय वीज घेत नाही.

‘काय होवचा नाय,’ असा दिलासा मिळतो आणि शेजारचा मुलगा अर्थच्या पिनला न्यूट्रल जोडून चार्जरला फसवण्याची युक्ती सांगतो. ती ऐकू नये. न्यूट्रलची तार कुठे सुटली तर गाडीचा सगळा पत्रा विजेवर येतो, आणि सकाळी ओल्या अंगणात अनवाणी आलेलं मूल त्याला हात लावतं. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी ओतल्याने कधी काम होतं. नाही झालं तर वायरमनला बोलवावं. त्याहून बरं म्हणजे निघण्याच्या आठवडाभर आधी मामांना फोन करून तपासून घ्यायला सांगावं. खर्च थोडा होतो आणि घरही सुरक्षित होतं.

तारेचंही तसंच. मंडपवाल्याकडची बारीक तार गुंडाळ्यावर तशीच गुंडाळलेली ठेवून तिच्यातून नऊ तास चौदा अँपियर ओढले, तर पहाटे प्लास्टिक जळाल्याचा वास येतो. जाड तार, पूर्ण उलगडलेली, शक्य तितकी आखूड. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतो तेव्हा चार्जिंगही हळू होतं, म्हणून सकाळी उठून आकडा बघितल्याशिवाय कोणाला वेळ सांगू नये.

चार दिवसांनी परतीचा बेत करताना जातानाची वही जशीच्या तशी उलटी वाचण्याचा मोह होतो. उतरताना आंबोलीपासून खाली काय झालं होतं ते आठवतं. ब्रेकवर पाय ठेवायची गरज फारशी पडली नव्हती, मोटरच जनित्र झाली होती आणि घाट संपेपर्यंत टक्के कमी होण्याऐवजी थोडे वाढलेच होते. चढताना ते सगळं व्याजासकट परत द्यायचं असतं. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर आहे. सावंतवाडीहून जवळजवळ सहाशे मीटरची चढण, म्हणजे तीन युनिट, आणि तीस किलोमीटरच्या रस्त्याचं नेहमीचं चारेक. मिळून पंचवीस टक्क्यांच्या पुढे, पाऊण-एक तासात. डॅशबोर्डवरचा अंदाज तर याहून घाबरवतो, कारण घाटातला खर्च बघून गाडी पुढचा सगळा रस्ता घाटाचाच धरते. शंभर टक्क्यांनी निघालेल्या गाडीवर आंबोलीला ‘अजून ७० किलोमीटर’ असं काहीतरी दिसतं आणि कोल्हापूर शंभराच्या पुढे असतं.

अशा वेळी आकड्यावर टॉवेल टाकावा आणि वही काढावी. वर आलो तेव्हा त्र्याहत्तर टक्के. इथून कोल्हापूर एकशेदहा-पंधरा, रस्ता एकंदर उताराचा, टक्क्याला दोन किलोमीटर, म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न लागतील. पंधरा घेऊन पोचतो. डाळीच्या डब्याला फार हात न लावता. धाकधूक वाटत असेल तर आजऱ्यापर्यंत ताशी साठने जावं आणि तिथे किती उरले ते पुन्हा मोजावं. तोवर धबधब्यापाशी गाडी उभी करून चहा आणि गरम भजी घ्यायला हरकत नाही. उभी गाडी काही खात नाही.